टॉवर पोचला, माणसे बाहेरच: इंटरनेटची दरी नेमकी कुठे आहे?

धागालेखन: मृण्मयी_क

चाळीस वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. त्या वेळी जगात सुमारे ६० कोटी दूरध्वनी होते, त्यांतले तीन चतुर्थांश अवघ्या नऊ देशांत होते आणि एकट्या टोकियोत जेवढे दूरध्वनी होते तेवढे संपूर्ण आफ्रिका खंडात नव्हते. पुढच्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ प्रत्येक माणसाच्या आवाक्यात दूरध्वनी असावा, असे उद्दिष्ट आयोगाने ठेवले. पुढे मोबाइल आला आणि हे उद्दिष्ट बऱ्याच अंशी साध्य झाले. इंटरनेटच्या बाबतीतही असेच घडेल, केबल टाकली आणि टॉवर उभारले की माणसे आपोआप येतील, हे गृहीत धरून विकसनशील देशांतली बहुतेक धोरणे आखली गेली. हे गृहीतक किती अपुरे ठरले आहे, ते आता आकड्यांत दिसते.

दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातले ५५० कोटी लोक, म्हणजे ६८ टक्के, इंटरनेट वापरतात आणि २६० कोटी लोक वापरत नाहीत. श्रीमंत देशांत वापरणाऱ्यांचे प्रमाण ९३ टक्के आहे, अल्प उत्पन्नाच्या देशांत ते २७ टक्के आहे. शहरांत ८३ टक्के आणि ग्रामीण भागात ४८ टक्के लोक वापरकर्ते आहेत. हे आकडे अनेकांच्या वाचनात आले असतील. माझ्या मते त्यांहून महत्त्वाचा आकडा मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे जीएसएमएच्या, २०२४ च्या अहवालात आहे: जिथे मोबाइल इंटरनेटची रेंजच नाही अशा ठिकाणी राहणारे लोक जगाच्या लोकसंख्येच्या फक्त ४ टक्के उरले आहेत, परंतु रेंज असूनही मोबाइल इंटरनेट न वापरणारे ३९ टक्के, म्हणजे सुमारे ३१० कोटी आहेत. (दोन्ही संस्थांची मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे हे आकडे एकमेकांत मिळवू नयेत.) याचा अर्थ असा की टॉवरच्या छायेत राहून बाहेर असलेल्यांची संख्या टॉवरविना असलेल्यांच्या नऊ-दहा पट आहे, आणि तरीही उद्घाटने, निधी आणि घोषणा यांचा ओघ मुख्यतः टॉवरकडेच जातो.

मग ही माणसे बाहेर का राहतात? जीएसएमएच्या पाहण्यांत दोन कारणे पुनःपुन्हा सर्वांत वर येतात: हँडसेटची किंमत, आणि साक्षरता व वापराचे कौशल्य. डेटा स्वस्त करण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये प्राथमिक डेटा पॅकचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा असे उद्दिष्टही ठरवले. फोन मात्र एकदम रोख पैसे मोजून घ्यावा लागतो. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्याला सर्वांत स्वस्त इंटरनेट-फोनसाठी महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम लागते, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ती जवळपास पूर्ण महिन्याच्या कमाईएवढी होते. याच प्रदेशात सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही. फोन घेतला तरी तो चार्ज करण्यासाठी वेगळे पैसे आणि वेगळी पायपीट करावी लागते.

इथपर्यंत कुणी म्हणू शकेल की हळूहळू होईल, थोडा धीर धरावा. माझी तळमळ पुढच्या मुद्द्याविषयी आहे. बाहेर राहण्याची किंमत स्थिर नाही. प्रत्येक सेवा ऑनलाइन झाली की ती वाढते. भारतात १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली तेव्हा ऑनलाइन नोंदणी अनिवार्य होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात डिजिटल दरीचा प्रश्न थेट विचारला, आणि २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा देण्यात आली. साथीच्या ऐन शिखरावरचे ते आठवडे होते. त्याआधी, २०२० मध्ये, युनिसेफ आणि दूरसंचार संघाने दाखवून दिले होते की ३ ते १७ वयोगटातल्या जगातल्या दोन तृतीयांश, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नाही, आणि त्याच वर्षी जगभरच्या शाळा पडद्यावर गेल्या. दोन्ही प्रसंगी तंत्रज्ञानाने काही बिघडवले असे मी म्हणत नाही. जुना मार्ग बंद करण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता, आणि ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना त्या निर्णयात विचारले गेले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की इंटरनेट पोचवण्याचे काम आणि जुने मार्ग चालू ठेवण्याचे काम एकाच धोरणाचा भाग मानले गेले पाहिजे, आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर पहिल्यात कितीही पैसा ओतला तरी अन्याय वाढेल. जाणकारांनी यात भर घालावी, चूक असेल तिथे खोडून काढावे.

*

प्रतिसाद: तारवाला

लेख आवडला, परंतु "४ टक्के" या आकड्यावर आपण जरा जास्त विसंबला आहात असे वाटते. नकाशावर रेंज दाखवण्यासाठी ३जी पुरेसे धरले जाते. त्या टॉवरला मागून किती क्षमतेची जोडणी आहे, दिवसातून किती तास वीज आहे, संध्याकाळी शेकडो लोक एकाच वेळी आले की वेग किती उरतो, यांतले काहीही त्या रंगवलेल्या नकाशावर दिसत नाही. रेंज असूनही न वापरणाऱ्यांपैकी काहींनी वापरून पाहिले असेल आणि पान उघडत नाही म्हणून सोडून दिले असेल, ही शक्यताही धरावी लागते. मी बरीच वर्षे नेटवर्कच्या कामात आहे आणि माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित भाग मधला असतो, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर उतरलेल्या केबलपासून गावाजवळच्या टॉवरपर्यंतचा.

पूर्व आफ्रिकेचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. २००९ च्या जुलैपर्यंत त्या किनाऱ्याला समुद्राखालची एकही फायबर केबल नव्हती. सगळी वाहतूक सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांमार्फत होई, त्यामुळे विनंती पाठवून उत्तर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जाई, आणि क्षमता इतकी महाग पडे की विद्यापीठेसुद्धा ती मोजूनमापून वापरत. सीकॉम, टीम्स आणि पाठोपाठ २०१० मध्ये ईसी या केबल आल्यावर किनाऱ्यावरच्या देशांत घाऊक दर झपाट्याने उतरले. ज्यांना समुद्रच नाही त्या देशांना मात्र शेजाऱ्याच्या जमिनीवरून फायबर आणावी लागते आणि प्रत्येक सीमेवर परवाना, भाडे व वाटाघाटी यांचा खर्च ग्राहकाच्या रिचार्जमध्येच येऊन पडतो.

दुसरी गोष्ट इंटरनेट एक्स्चेंजची, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी आपसांत थेट जोडणाऱ्या ठिकाणाची. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांनी एकमेकांना पाठवलेला ईमेल पूर्वी युरोप किंवा अमेरिकेला जाऊन परत येत असे, आणि त्या परदेशवारीचे भाडे गरीब देश भरत असे. केनियातल्या सेवादात्यांनी २००० साली नैरोबीत स्वतःचे एक्स्चेंज सुरू केले. मक्तेदार कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने ते थोड्याच दिवसांत बंद करायला लावले. २००२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. इंटरनेट सोसायटीच्या अभ्यासानुसार स्थानिक वाहतुकीला लागणारा वेळ २०० ते ६०० मिलिसेकंदांवरून २ ते १० मिलिसेकंदांवर आला, आणि केनिया व नायजेरिया या दोन्ही देशांत २०१२ मध्ये ३० टक्क्यांच्या आसपास असलेली देशांतर्गत वाहतूक २०२० पर्यंत ७० टक्क्यांवर पोचली. एका खोलीत मावणाऱ्या यंत्रसामग्रीने हे घडले. त्यासाठी सर्वांत कठीण होते ते एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एका टेबलाशी बसणे.

आणि जे जोडले गेले तेही किती बारीक धाग्यावर आहेत, हे विसरू नये. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळच्या समुद्रात ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा त्या देशाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली आणि दुरुस्तीला सुमारे पाच आठवडे लागले. १४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानजवळ समुद्रतळाशी एकाच वेळी चार केबल तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांतल्या बँका व कार्यालये ठप्प झाली. धागालेखिकांचा "जुने मार्ग चालू ठेवा" हा आग्रह मला या कारणानेही पटतो. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनाही कधीतरी त्या मार्गांची गरज पडते.

*

प्रतिसाद: अर्थार्थी

माझा सूर थोडा वेगळा आहे. दर कमी झाले की कौशल्य, भाषा, सवय ही सगळी कारणे आपोआप विरघळू लागतात, असे भारताचा अनुभव सांगतो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये नव्या कंपनीने बाजारात पाऊल टाकल्यावर डेटाचे दर काही महिन्यांत कोसळले, आणि ज्यांना "अशिक्षित, म्हणून वापरणार नाहीत" असे समजले जात होते ते लोक आवाजी शोध आणि व्हिडिओ यांच्या आधारे इंटरनेटवर आले. स्पर्धेने जे केले ते अनेक वर्षांच्या सरकारी योजनांना जमले नव्हते. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला २०११ मध्येच मंजुरी मिळाली होती, पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबलेली तार शेजारच्या घरात जाण्यासाठी कोणी विक्रेता, कोणी दुरुस्तीवाला आणि कोणाचा तरी नफा लागतो.

सरकारने निदान आडवे येऊ नये, ही माझी पहिली अपेक्षा आहे. युगांडाने २०१८ च्या जुलैपासून समाजमाध्यमे वापरण्यावर दररोज २०० शिलिंग कर लावला. अनेकांनी वापर कमी केला किंवा कर चुकवण्याचे मार्ग शोधले, अपेक्षित महसूल आला नाही, आणि २०२१ मध्ये तो कर रद्द करून त्याऐवजी डेटावरच १२ टक्के कर बसवण्यात आला. एकीकडे डिजिटल राष्ट्राची घोषणा करायची आणि दुसरीकडे हँडसेटवर आयात शुल्क, रिचार्जवर कर आणि स्पेक्ट्रमच्या लिलावातून जास्तीत जास्त वसुली करायची, हे अनेक देशांत एकाच वेळी चालू असते. लिलावातला पैसा शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातो.

एका बाबतीत मात्र मी बाजाराच्या बाजूने नाही. काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे इंटरनेट विकत, अशी योजना एका मोठ्या समाजमाध्यम कंपनीने अनेक गरीब देशांत नेली. भारतात दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, तेव्हा "गरिबांचे फुकट इंटरनेट हिसकावले" अशी टीका झाली होती. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो, कारण गरिबाने काय पाहावे हे दुसऱ्याने ठरवणे हीसुद्धा दरीच आहे, आणि काही महिन्यांतच दर इतके उतरले की तो वादच मागे पडला.

*

प्रतिसाद: निशिगंधा

वरच्या दोन्ही प्रतिसादांत "ग्राहक", "घर" असे शब्द एकक म्हणून आले आहेत, आणि मला तिथेच थांबवावेसे वाटते. घरात एक फोन असतो तेव्हा तो कोणाच्या हातात असतो? जीएसएमएच्या २०२४ च्या अहवालानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्त्रियांनी मोबाइल इंटरनेट वापरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी होती, आणि दक्षिण आशिया व सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका या दोन प्रदेशांत हा फरक ३० टक्क्यांच्या वर गेला होता. अर्थार्थी यांनी सांगितलेली दरकपात दोघांसाठी सारखीच झाली होती. मग फरक का उरला?

उत्तर ओटीपीपाशी सापडते. स्त्रीच्या नावाचे बँक खाते, तिच्या नावाचे अनुदान, तिच्या प्रकृतीची नोंद, हे सगळे एका क्रमांकाशी जोडलेले असते, आणि तो क्रमांक नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा दिराच्या खिशात असतो. कागदोपत्री ती लाभार्थी असते. प्रत्यक्षात तिने आपल्या खात्यातून पैसे काढायचे ठरवले तर ते घरात आधी दुसऱ्याला कळते. बाळंतपणाविषयी, गर्भनिरोधनाविषयी किंवा मारहाणीविषयी मदत शोधायची असेल तर सामायिक फोनवर शोधाचा इतिहास मागे राहतो. पूर्वी दवाखान्यातल्या परिचारिकेशी बोलताना तिला जेवढा एकांत मिळत होता, तेवढाही या नव्या व्यवस्थेत मिळत नाही. स्त्रियांना स्वतंत्र फोन देण्याच्या योजना काही ठिकाणी निघतात, परंतु फोन कोणाच्या नावावर दिला याची नोंद होते आणि तो कोण वापरते याची होत नाही.

डेटा स्वस्त केल्याने हे बदलत नाही. ओळख पटवण्याची दुसरी पद्धत उपलब्ध ठेवणे, प्रत्यक्ष खिडकीवर स्त्री कर्मचारी असणे, आणि क्रमांक बदलण्याची प्रक्रिया तिला एकटीला करता येईल इतकी सोपी असणे, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींनी बदलते.

*

प्रतिसाद: अक्षरमित्र

कौशल्याच्या मुद्द्यावर थोडे लिहितो, कारण यंत्र दिले की शिक्षण होते हा समज अजून गेलेला नाही. २००५ मध्ये निकोलस निग्रोपॉन्टी यांनी प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याची कल्पना जगापुढे मांडली. पेरूने ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात असे आढळले की मुलांच्या हाती संगणक आले, वापर वाढला, पण गणित आणि भाषा यांतल्या गुणांवर परिणाम दिसला नाही. बहुतेक शाळांना इंटरनेट नव्हते, आणि शिक्षकांना त्या यंत्राने वर्गात काय करायचे हे पुरेसे सांगितले गेले नव्हते.

याउलट केरळमध्ये २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात सुरू झालेल्या अक्षय केंद्रांनी घरटी एका व्यक्तीला संगणकाची ओळख करून देण्यापासून सुरुवात केली, आणि पुढे तीच केंद्रे अर्ज, देयके व दाखले यांसाठी मदत करणारी ठिकाणे बनली. शेजारी बसून दाखवणारा माणूस आणि त्या माणसाला मिळणारे मानधन, हा खर्च अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला यापुढेही कोणीतरी मदत करणारच आहे. ती मदत प्रशिक्षित, ठरावीक शुल्क घेणाऱ्या आणि तक्रार करता येईल अशा केंद्रातून मिळते की पासवर्ड स्वतःजवळ ठेवणाऱ्या दलालाकडून, एवढाच प्रश्न आहे.

*

प्रतिसाद: मृण्मयी_क

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारवाला यांचा आक्षेप मान्य आहे: रेंजच्या नकाशात गुणवत्ता धरली तर माझी दोन कप्प्यांची मांडणी इतकी स्वच्छ राहत नाही. अर्थार्थी, स्पर्धेने दर उतरतात हे निर्विवाद आहे, परंतु जिथे लोकसंख्या विरळ आणि उत्पन्न अल्प आहे तिथे पहिला स्पर्धकसुद्धा येत नाही. नेपाळमधल्या नांगी गावात महाबीर पुन यांनी डोंगरांवरून वायरलेस जोडण्या उभारल्या तेव्हा कोणतीही कंपनी तिकडे फिरकत नव्हती, आणि त्या कामासाठी २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात मोठ्या कंपन्यांनी नाकारलेल्या आदिवासी गावांनी २०१३ पासून स्वतःचे मोबाइल जाळे चालवले, आणि २०१६ मध्ये त्यांच्या संघटनेला देशाच्या नियामकाने रीतसर परवाना दिला. न वापरलेले स्पेक्ट्रम अशा गावांना देण्यासाठी सरकारला एक पैसाही खर्च करावा लागत नाही, तरी बहुतेक देशांच्या कायद्यात "गाव" नावाचा परवानाधारक बसतच नाही.

आकाशातून सगळे सुटेल या आशेविषयीही सावध राहावेसे वाटते. फुग्यांवरून इंटरनेट देणारा गूगलचा लून प्रकल्प २०२० च्या जुलैत केनियात व्यावसायिक रीतीने सुरू झाला आणि २०२१ च्या जानेवारीत तो बंद करत असल्याची घोषणा झाली. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची सेवा, उदाहरणार्थ २०२३ च्या आरंभी नायजेरियात आलेली स्टारलिंक, तांत्रिकदृष्ट्या फार चांगली आहे आणि शाळा, दवाखाने, बेटे यांच्यासाठी तिचा मोठा उपयोग होईल, पण तिच्या यंत्रसंचाची किंमत हँडसेटच्या कितीतरी पट असते, आणि हँडसेटच परवडत नाही हा तर मूळ प्रश्न आहे.

निशिगंधा यांचा ओटीपीचा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता इतका तो मध्यवर्ती आहे. त्यावरून एक तांत्रिक शंका विचारते. केनियात एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा, २००७ मध्ये सुरू झाली ती साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय, आणि गावोगावच्या एजंटांच्या साहाय्याने. सरकारी सेवा आजही त्याच रीतीने साध्या फोनवर देता येतील का, की तो काळ मागे पडला?

*

प्रतिसाद: तारवाला

देता येतील. स्टार आणि हॅश लावून जो क्रमांक आपण शिल्लक पाहण्यासाठी फिरवतो, त्याच यूएसएसडी मार्गावरून हे चालते. त्याला डेटा लागत नाही आणि सर्वांत स्वस्त फोनवरही ते उघडते. भारतात *९९# ही बँकसेवा २०१४ पासून देशभर आहे, आणि साध्या फोनवरून यूपीआयने पैसे देण्याची सोय २०२२ च्या मार्चमध्ये आली.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की हा मार्ग मोबाइल कंपनीच्या हातात असतो. स्वतः पैशांची सेवा चालवणारी कंपनी दुसऱ्या सेवेला तो सुखाने वापरू देत नाही किंवा जास्त आकार लावते, त्यामुळे नियामकाने दर आणि प्रवेश ठरवून द्यावा लागतो. दुसरी अडचण लिपीची आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि देवनागरी, बंगाली, अम्हारिक अशा लिप्यांची फक्त ७०. आपल्या लिपीत काने, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जात असल्याने प्रत्यक्षात मजकूर आणखी कमी बसतो. यूएसएसडीच्या पडद्यावरही अशीच मर्यादा येते. म्हणून कंपन्या आणि खाती बहुतेक संदेश इंग्रजीत किंवा रोमन लिपीत पाठवतात, आणि ज्या माणसासाठी हा साधा मार्ग ठेवला त्याच्यापुढेच न वाचता येणारा पडदा उघडतो. यावर उपाय म्हणून आवाजी सेवा वापरता येते: क्रमांक फिरवावा, आपल्या भाषेत ऐकावे, आकडा दाबून उत्तर द्यावे. अशा सेवेत बोली बदलता येते, वाचता येण्याची अट राहत नाही, आणि खर्च मुख्यतः कॉलच्या मिनिटांचा असतो. तो सरकारने उचलला आणि क्रमांक निःशुल्क ठेवला, तर रिचार्ज संपलेल्या फोनवरूनही ही सेवा घेता येते.